भाताच्या खाचरातला साग

‘शेतकऱ्याला पैशाचं नियोजन कळत नाही’ असं लग्नाच्या पंगतीत कुणी बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या वडिलांना, तात्यांना, ते चांगलं कळत होतं. नाशिकच्या शिवेवर आमचा दीड एकर झेंडू आणि थोडा गुलाब. दसऱ्याला फुलबाजारातून घरी आलं की तात्या पैशाचे तीन वाटे करायचे. एक पुढच्या रोपांचा, एक घरखर्चाचा, एक माझ्या फार्मसीच्या प्रवेशाचा. कितीही ओढाताण झाली तरी त्या तिसऱ्या वाट्याला आईसुद्धा हात लावत नसे.

नर्सरीत गुलाबाचं कलम घेताना नखानं साल खरवडून आत हिरवं दिसल्याशिवाय दमडी न देणारा हा माणूस. त्यानं सागाची दहा झाडं न बघता घेतली. कागदावर!

नव्वदच्या दशकात सागाच्या योजनांचं पेव फुटलं होतं. वर्षात मुद्दल परत, झाडं तुमच्याच नावावर, वीस वर्षांनी लाखो रुपये. मी अकरावीत होते. अशाच एका सभेला तात्यांना मीच ओढून नेलं, कारण स्टेजवर आमच्या क्लासचे सर बसणार होते. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, हातात गुळगुळीत इंग्रजी माहितीपत्रक. लागवड इगतपुरीजवळ आहे, असं सरांनी सांगितलं. ‘काही शंका?’ असं कंपनीच्या टायवाल्या माणसानं विचारलं तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये एक हात वर झाला नाही. माझा वाटा तिथंच भरला गेला.

वर्ष उलटलं, मुद्दल आलं नाही. ऑफिसला कुलूप. सर म्हणाले, “धीर धरा.” त्यांना काय जातंय सांगायला! त्यांच्या दारात कमिशनची नवी स्कूटर उभी होती. शेवटी आम्ही दोघं एसटीनं इगतपुरीला गेलो आणि कागदावरचा गट नंबर विचारत विचारत भर पावसात तिथं पोचलो. भाताची लावणी चालली होती.

“साग?” लावणी करणारा माणूस हसला. “ताई, इथं गुडघाभर पाणी ऱ्हातं. नुसता भात हाय.”

मी भडकले. सरांवर, कंपनीवर, आणि सगळ्यात जास्त तात्यांवर. “एवढंसुद्धा कळलं नाही तुम्हाला?”

“कळलं व्हतं,” तात्या म्हणाले. “तुला म्हनलं नाय का?”

म्हणाले होते. त्या हॉलमध्ये माझ्या कानाशी वाकून म्हणाले होते, “तिकडं लय पाणी साचतं. सागाला नाय मानवत. इचारू का?” आणि मी, शरमेनं लाल होऊन, दबक्या आवाजात म्हटलं होतं, “गप बसा ना तात्या. सर बघताहेत.”

फार्मसी राहूनच गेली. पुढे मी औषधाच्या दुकानात काउंटरवर लागले. पगार सुरू झाला तशी पॉलिसीवाल्यांची, फंडवाल्यांची रीघ लागली. त्यांचे कागद मी आधी तात्यांपुढे सरकवायचे. “विचारा ना, काय विचारायचं ते,” म्हणून अक्षरशः भांडायचे त्यांच्याशी.

ते कागद न वाचताच परत करायचे. म्हणायचे, “तूच बघ बाई. तू शिकलेली.”