हुकमाबिगरची दवंडी

"नाय काढत. कितीदा सांगू तुमाला? व्हिडिओ माहा हाय, मोबाईल माहा हाय, तोंड तेवढं तुमच्या चुलत्याचं हाय. आवडत नसंल तर त्यांनी तसं बोलायचं नव्हतं."

गीताबाई बोलत होती, पण हात थांबत नव्हते. परातीत ज्वारीची भाकर गरगर फिरत होती आणि बोटांखाली पसरत होती. दारात आप्पासाहेबांचा पुतण्या पुंडलिक उभा होता. त्यानं चपला काढल्या नव्हत्या, कारण त्याला आत यायचं नव्हतं.

"काकू, ऐका तर खरं. तुमी तेवढा व्हिडिओ उडवा. म्या उद्याच मुरमाचे टिप्पर लावतो. ऱ्हायलेला रस्ता पुरा."

"आन् नाय उडवला तर?"

"मग मुरमाचं काय, मिळंल तवा मिळंल."

बाजेवर पडलेल्या साळूबाईनं, गीताबाईच्या सासूनं, मान उचलली. "अर्धाच रस्ता झालाय व्हय रे? मग म्या काय अर्धीच मरू?"



चितेगाव आणि बिडकीनच्या मधलं हे आमचं गाव. ओढ्याच्या अल्याड गाव, पल्याड बौद्धांची वस्ती. वस्तीच्या स्मशानाला जाणारी पाणंद सरकारी नकाशात होती, रानात नव्हती. आप्पासाहेबांच्या नांगरानं ती कधीच गिळली होती. त्यामुळं वस्तीतलं मयत ओढ्याच्या चिखलातून न्यायचं. गीताबाईचा नवरा तसाच नेला, ऐन भादव्यात. खांदेकरी मांडीपर्यंत रुतले, तिरडी कलली, आणि लेकाचा हात चिखलातून फरफटत चाललेला साळूबाईनं काठावरून बघितला. ती रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "रस्ता झाल्याबिगर म्या मरायची नाय. बसा बोंबलत." तिला आता दिसत नाही, ऐकू सगळं येतं, आणि शब्द तिनं अजून पाळलाय.

रस्त्याचा ठराव ग्रामसभेत व्हायचा. पण ग्रामसभा कधी आहे तेच वस्तीला कळायचं नाही. कोतवाल गावात दवंडी द्यायचा आणि ओढ्यापाशी आला की मागं वळायचा. पूर्वी ही दवंडी साळूबाईच्या सासऱ्याकडं होती. हलगी बडवायची, पाटलाचा हुकूम ओरडून सांगायचा आणि दारोदार शिळी भाकर मागायची. धर्मांतर झालं आणि त्यानं हलगी विहिरीत टाकली. त्या विहिरीचं पाणी गाव कितीतरी दिवस प्यालं नाही म्हणतात. ते दुखणं आप्पासाहेबांच्या, म्हणजे त्याच पाटलाच्या, घराण्यात अजून आहे. ते उपसरपंच. वस्तीतलं कुणी विचारायला गेलं की हसायचे, "दवंडी तुमच्याच घरची होती. तुमीच टाकली. आता तुमाला कळंना, तर आमी काय करावं?"

गीताबाई कंपनीतल्या पोरांच्या खानावळींना भाकरी पुरवते. एकदा तिच्या पुतणीनं, करुणानं, भाकर थापतानाचा व्हिडिओ टाकला. तो लोकांनी उचलून धरला. मग गीताबाई स्वतःच मोबाईल डब्याला टेकवून लाईव्ह बसायला लागली. दोन्ही हात पिठाचे, म्हणून मोबाईल नाकानं चालवते. पुण्यातली एखादी पोरगी लिहिते, "काकू, माझी भाकर चिरते." गीताबाई अक्षर अक्षर जुळवून वाचते आणि सांगते, "पाणी उकळतं घे. आन् मळायला नवऱ्याला बसव, त्याचे हात काय मेंदीचे हायेत?" एकानं लिहिलं, तुमच्या लोकांच्या हातचं कोण खातं? तेही तिनं मोठ्यानं वाचलं. "तू नको खाऊ बाबा. हाये त्यांलाच पुरंना." त्या दिवसापासून दोन खानावळी वाढल्या.

मोबाईलनं गाव नासलं, असं आमच्या पारावर रोज ठरतं. नासलं असंल थोडंफार. पण पारावरच्यांचं खरं दुखणं दुसरंच आहे. आधी गावातली खबर त्यांच्याकडं यायची आणि त्यांच्या मर्जीनं खाली उतरायची. आता वस्तीला त्यांच्या आधी कळतं.

आणि कळलं ते असंच. गावातला अतुल वाळूजला कंपनीत असतो. भाकरी चालू असताना त्यानं लिहिलं, "काकू, भाकरी काय थापता? तिकडं ग्रामसभा चालू झाली. आमच्या घरच्या ग्रुपवर आलंय."

गीताबाईनं तव्याखालचा जाळ ओढला, मोबाईल उचलला आणि कोपरापर्यंत पिठाच्या हातानं तशीच निघाली. भाकरी बघायला आलेली सगळी दुनिया तिच्यासंगं ग्रामपंचायतीत शिरली. मागून वस्ती आली.

आप्पासाहेबांनी मोबाईल बघितला. "शूटिंग का? कर, कर." टोपी सरळ केली, मिशीवरून बोट फिरवलं. त्यांच्या घरच्या लग्नात शूटिंगवाला आधी त्यांना कॅसेट दाखवायचा, नको ते कापायचा आणि मगच पाव्हण्यांना द्यायचा. हेही तसंच असेल, असं त्यांनी धरलं. आत्ता निघतंय ते आत्ताच बाहेर चाललंय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं ते गप बसले, आणि हसू दाबत बसले.

"आमच्या मयताला रस्ता पायजे," गीताबाई म्हणाली. "नकाशात हाय, रानात काढून द्या."

"मेलेल्याला रस्ता?" आप्पासाहेब मोकळे हसले. "अगं, मेलेल्याला कुठं कळतंय पाय भिजले का नाय?"

मोबाईलवर मजकुराचा लोंढा आला. गीताबाईनं तो वाचायला घेतला, दवंडी द्यावी तसा, सभेच्या मधोमध उभं राहून. "वाळूजहून अतुल म्हणतो, रस्ता द्या. नाशिकची बाई म्हणती, शरम वाटू द्या. हे कोण बाई... कन्नडहून, मोनिका—"

नाव पुरं व्हायच्या आत आप्पासाहेबांचा फोन वाजला. मोनिका त्यांची लेक, कन्नडला दिलेली. पलीकडचं कुणाला ऐकू आलं नाही. आप्पासाहेब तेवढे म्हणाले, "आत्ता? आत्ता दिसू ऱ्हायलं?" थोड्या वेळानं, "सासरे बी बघू ऱ्हायले?" मग खाली बसले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा."

ठराव झाला. मुरूमही पडला, पण ओढ्यावर बसवलेल्या नव्या मोरीपर्यंत. पुढं थांबला. कारण तो व्हिडिओ कन्नडच्या पाव्हण्यांत अजून फिरत होता, आणि आप्पासाहेबांना आधी तो पुसून पाहिजे होता.

म्हणून आज पुंडलिक दारात.

गीताबाईनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "आत्याबाई, रस्ता तुमचा हाय. तुमी सांगा. उडवू?"

साळूबाई आवाजाच्या दिशेनं वळली. मग म्हणाली, "उडवलास, आन् म्या गेल्यावर त्यानं परत नांगर घातला, तर? मग काय दाखवशील, माही राख?"

"ऐकलं का, पुंडलिकराव?" असं म्हणून गीताबाई वाकली आणि तिनं नाकानं मोबाईल चालू केला. "जय भीम सगळ्यांला. आज भाकरीच्या आधी पाव्हणे आलेत. आप्पासाहेबांचे पुतणे. आत्ता मला जे बोलले, ते तुमाला बी सांगणार हायेत. बोला."

पुंडलिकनं चेहरा आड करायला हात उचलला, तसाच खाली घेतला. पळावं तर पाठ दिसणार. बोलावं तर शब्दात अडकणार. आणि कन्नडलाही दिसत असणार.

"ते... मुरमाचे टिप्पर येतील. सोमवारी."

"कुठपत्तर?"

"मोरीच्या पुढं."

"पुढं कुठपत्तर, नीट सांगा. पुण्यापत्तर?"

"स्मशानापत्तर," पुंडलिक म्हणाला, आणि वळला.

"चहा तरी घ्या!" गीताबाईनं हाक मारली. तो ओढ्याच्या उताराला लागला होता.

"गेला का?" साळूबाईनं विचारलं.

"गेला."

"सोमवारी टिप्पर आला की माही बाज उचलून दाराशी ठिव. आवाज ऐकते. नाय आला तर त्या मोबाईलात मला बोलू दे, मग बघ."

"तुमी बोलल्यावर मोबाईलच फुटंल, आत्याबाई." गीताबाईनं तव्यावरची भाकर उलटली. एका कडेला ती जरा करपली होती. "बघा, याच्या नादात भाकर लागली. ही पाव्हण्याची म्हणून बाजूला ठिवते." तिनं पिठात हात घातला, नवा गोळा उचलला आणि डब्याला टेकलेल्या मोबाईलकडं न बघताच विचारलं, "हां, कुणाची भाकर चिरत होती?"