विंडसरच्या भिंतीपाशी

आम्ही इंग्लंडात मेडनहेडला राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आत्या आली. सत्तर-एकाहत्तर साल असेल. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं होतं. माझे यजमान तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांच्या कन्सल्टंटच्या, म्हणजे वरच्या डॉक्टरांच्या, पत्नीने आपणहून विचारलं, "आत्याबाईंना विंडसर दाखवलंत का? शनिवारी एक गाईड पायी सगळं फिरवून आणतो. मीही येते." नाही म्हणता येईना.

आत्या नऊवारी नेसली. वर यजमानांचा जुना ओव्हरकोट, पायांत कॅनव्हासचे बूट. ट्रेनमधून उतरल्यापासून मी तिच्या दोन पावलं पुढे चालत होते, आणि तसं चालतेय हे मला कळत होतं.

गाईड निवृत्त शाळामास्तर होता. बरोबर पंधराएक माणसं. कुठला राजा कुठे जन्मला, कुठली राणी कुठे पुरली, हे मी आत्याला थोडक्यात मराठीत सांगत होते. तिचं राजांकडे लक्षच नव्हतं. किल्ल्याजवळ आल्यावर ती घोळका सोडून सरळ भिंतीपाशी गेली आणि दोन दगडांमधल्या सांध्यांवरून बोट फिरवू लागली.

"अगं, चुन्यात बारीक काळ्या कपच्या बसवल्यात बघ. सगळ्या भिंतीभर. विचार त्यांना, कशासाठी?"

सगळे वळून बघायला लागले. गाईडने हसून विचारलं, "बाई काय म्हणतात?"

"फार सुंदर आहे म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं.

त्याने मान लववून आत्याचे आभार मानले. ती उत्तराची वाट बघत राहिली.

"काय म्हणाला?"

"माहीत नाही म्हणतो."

तेवढ्यात कन्सल्टंटची पत्नी जवळ आली. "त्या काहीतरी दाखवतायत ना?"

आत्याला तिचा चेहरा आवडला असावा. ती मला म्हणाली, "हिला सांग, माझे वडील, तुझे आजोबा, पाथरवट होते म्हणावं. त्यांच्या हाताखाली मी चुना मळलाय."

याच बाईंना मी एकदा चहाच्या वेळी, आजोबा इंजिनिअर होते, असं सांगून बसले होते.

"थंडी वाजतेय त्यांना," मी म्हणाले.

बाईंनी लगेच स्वतःचा स्कार्फ काढून आत्याच्या गळ्यात घातला. आत्या गोंधळली. मग बाईंनी, आत्याचं बोट होतं तिथे वाकून बघितलं आणि गाईडला हाक मारली. "या काळ्या कपच्या कसल्या हो?"

त्याचा चेहरा उजळला. "हे फार थोडे लोक विचारतात!" दगड टणक, सांधे रुंद, नुसता चुना टिकायचा नाही म्हणून चकमकीच्या दगडाच्या चिपा खोचल्या; कोणी म्हणतात, नुसत्या शोभेसाठी. सगळे भिंतीभोवती जमले, आत्या मागे ढकलली गेली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण त्याचं बोट कशावर आहे ते दिसत होतं.

"आत्ता आठवलं वाटतं त्याला," ती माझ्याकडे बघून म्हणाली. त्यानंतर फिरताना तिने एकही प्रश्न विचारला नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये तिने हळूच विचारलं, "माझं बोलणं तिकडे पोचवायला एवढं जड गेलं का गं तुला?"

"वारा होता, आत्या. त्याला ऐकू आलं नसेल."

"बरं," ती म्हणाली आणि तिने खिडकीकडे तोंड केलं.

ती मुंबईला परतल्यावर एका शनिवारी मी एकटी विंडसरला गेले. तो प्रश्न आत्याचा होता, ती पाथरवटाची मुलगी आणि मी नात, हे गाईडला सांगितलं. माझी लाज त्याच्या लक्षातही आली नाही. त्याने उत्सुकतेने एवढंच विचारलं, "तुमच्याकडे चुन्यात काय घालतात?" कन्सल्टंटच्या पत्नीला मात्र मी कधीच काही सांगितलं नाही.

आत्याला पत्र लिहिलं. गाईडचा प्रश्न लिहिला, आणि त्या दिवशी मी काय काय खोटं बोलले, तेही सगळं लिहिलं.

उत्तर महिन्याने आलं. गूळ किती, बेलफळाचा गर किती, चुना किती दिवस भिजवायचा, असं दोन पानं भरून. माझ्या कबुलीबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढे दोनदा तिला बोलावलं. गुडघे दुखतात म्हणाली, आली नाही.