जोडीदार बदलण्याचं कारण

१९७९च्या ऑगस्टमध्ये फौजेतली आमची कंपनी जंगल प्रशिक्षणासाठी बेळगावजवळ जांबोटीला होती. मी हवालदार, एका प्लाटूनचा उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक. पाचला उठणं, सहाला पीटी, आठला फॉलइन, म्हणजे रांगेत हजेरी. कपडे आठवडाभर वाळत नसत.

प्रत्येक जवानाला एक बडी असतो. जेवण, पहारा, नदी, सगळीकडे दोघं एकत्र. एक दुसऱ्याच्या जिवाला जबाबदार. शिपाई मारुती उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याचा बडी वसंत निपाणीचा; आई तंबाखूच्या वखारीत कामाला. दोन वर्षं त्यांची जोडी होती. लंगरचा आचारी चिडवायचा, "वसंता, बायको रुसली व्हय रं?" मारुतीच उत्तर द्यायचा, "रुसंल न्हायतर काय? माझ्या वाटणीची चपाती ह्येनंच खाल्ली की!" सगळे हसत. मीही हसायचो.

एका किट इन्स्पेक्शनमध्ये, सामानाच्या तपासणीत, वसंतच्या ट्रंकेत मला पत्र सापडलं. मारुतीनं रजेवरून लिहिलेलं. चार ओळींत कळलं की ही थट्टा नाही, प्रेम आहे. मी वसंतला तंबूमागे नेलं.

"हे काय आहे?"

"लिवलंय तेच हाय, उस्ताद."

"वर कळलं तर दोघांची नोकरी जाईल. कोर्ट मार्शलही होईल."

"ठावं हाय. पर खोटं न्हाय सांगणार मी."

पत्र मी वर दिलं नाही, फाडलंही नाही. खिशात ठेवलं. त्याच संध्याकाळी जोड्यांची यादी बदलली आणि मारुतीला दुसरा बडी दिला. दोघांना वाचवतोय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मलप्रभा ओलांडायची होती. छातीभर पाणी, आडवा बांधलेला दोर धरून, जोडीजोडीनं. नऊला दहा कमी असताना वसंत पुढे आला.

"आजच्या दिवस मला मारुतीसंगं लावा."

"कारण?"

त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं. कारण मला माहीत आहे, असं मी धरून चाललो.

"लाइनीत जा."

नऊ वीसला मारुतीचा हात दोरावरून सुटला. नवा बडी चार पावलं पुढे होता. तो वळेपर्यंत मारुती दिसेनासा झाला. वसंतनं काठावरून उडी घेतली. त्याला दोन जवानांनी ओढून बाहेर काढलं.

मी वायरलेस घेतला. "कंट्रोल, एक जवान वाहून गेला. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

नाव सांगायला मला बटण दोनदा दाबावं लागलं.

अकरा चाळीसला खालच्या वळणावर मृतदेह मिळाला. मग वसंत बोलला. मारुतीचं डावं मनगट कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं. पकड टिकत नसे. नदीत वसंत कायम प्रवाहाच्या खालच्या अंगानं चालायचा आणि त्याचा पट्टा धरायचा.

"मला एकट्याला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर डॉक्टरनं त्याला घरी धाडला असता. आन् माझं ऐकलं असतं तुमी? पत्र तुमच्या खिशात हुतं, उस्ताद."

उचगावला मृतदेह घेऊन जाणाऱ्यांत आपलं नाव घाला, असं वसंत म्हणाला. मी घातलं नाही. लोक बोलतील, ही भीती. दारात मारुतीच्या आईनं विचारलं, "वसंता न्हाय आला? दर पत्रात त्येचं नाव असायचं."

"ड्युटीवर आहे," मी म्हणालो. वसंत कॅम्पात बसून मारुतीचे बूट पुसत होता.

चौकशीत मला विचारलं, बडी का बदलला? मी उत्तर दिलं, "प्रशासकीय कारण." वसंतलाही विचारलं. त्यानं पत्राचं नाव काढलं नाही. माझंही नाही.

त्या दोघांना उघडपणे नोकरी करता आली असती, तर मी यादीला हात लावला नसता. देशाचा कायदा पुढे बदलला. फौजेत मात्र हे अजून उघड सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर मी बेळगावच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. चूक छापली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचो. ही एक राहिली होती. गेल्या वर्षी निपाणीला जाऊन वसंतला पत्र परत दिलं आणि हे सगळं लिहू का, असं विचारलं. त्यानं पत्राची घडी उलगडली नाही. म्हणाला, "लिवा. दोघांची नावं घालून लिवा."

शिपाई मारुती, उचगाव, वय तेवीस. जोडीदार वसंत, निपाणी. कारण प्रशासकीय नव्हतं.