नाचरं इंजिन सरळ चालायला लागलं तेव्हा

मेल घेऊन मार्तंडराव नंदनवार निघाले की अजनीच्या रेल्वे क्वार्टरांतल्या बाया म्हणायच्या, "आज काही भेव नाही, नंदनवार ड्रायवर आहेत." मार्तंडरावांच्या कानावर ते पडायचं आणि त्यांची मान आणखी ताठ व्हायची. कोष्ट्याच्या घरातलं पोर, बापाचा माग सोडून इंजिनावर कोळसा टाकायला लागलं आणि मेलचा ड्रायव्हर झालं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

त्यांचं नाव झालं होतं ते एका विशिष्ट जातीच्या इंजिनांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मेलगाड्यांसाठी ती विलायतेहून आली होती. लांबलचक, देखणी, पळायला हरणासारखी. पण वेग चढला की पुढचं अंग डावीउजवीकडे हिसडे मारायचं. शेडमध्ये त्यांना 'नाचरी' म्हणत. साहेबलोकांनी वेगाला मर्यादा घातली, तरी कितीतरी ड्रायव्हर या इंजिनांवर ड्यूटी लागली की तब्येतीचं निमित्त काढत. मार्तंडरावांना मात्र ते इंजिन साधलं होतं. वाफ कुठे तोडायची, ब्रेकला नुसता हात कुठे लावायचा, हे त्यांच्या अंगातच भिनलं होतं.

स्वातंत्र्यानंतर ठरलं, की ही इंजिनं मोडीत न काढता नव्याने बांधायची. बॉयलर मोठ्या कारखान्यातून बदलून आले. पुढच्या चाकांचा सांगाडा आणि त्याच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बसवायचं काम नागपूरच्या शेडमध्ये रुपराव तिजारे या फिटरकडे आलं. रुपराव कुहीकडचा, शेजारच्याच क्वार्टरात राहणारा, मार्तंडरावांचा जिवलग. पावसाळाभर तो त्या एका इंजिनाच्या पोटाखाली होता.

बांधून झालेलं इंजिन पहिल्यांदा मेलला लागलं ते मार्तंडरावांच्याच हाती. बुटीबोरी गेली, बोरखेडी गेली. मार्तंडराव पाय रोवून हिसड्याची वाट बघत होते. हिसडा आलाच नाही. इंजिन रुळाला धरून, तेल लावल्यासारखं चाललं होतं. महादेव फायरमन हरखून म्हणाला, "दादा, हे तं कोणीबी चालवन आता!"

महादेव ते भाबडेपणाने बोलला. मार्तंडरावांच्या मात्र ते काळजात घुसलं.

परत आल्यावर शेडमध्ये फोरमनसाहेब उभे होते. मागे रुपराव, हातातला तेलकट बोळा पिळत. "बोला नंदनवार," साहेब म्हणाले, "हे इंजिन तुमच्याइतकं कोणाले समजते? तुम्ही म्हणाल ते खरं."

"हालते अजून," मार्तंडराव म्हणाले. "पहिल्यापेक्षा कमी. पण भरोसा नाही."

महादेवने चमकून पाहिलं. पण ड्रायव्हरसमोर फायरमन बोलत नसतो. रुपरावचा चेहरा पडला. तो पाहताच मार्तंडरावांना शब्द परत घ्यावेसे वाटले. पण जीभ उचलली नाही, आणि साहेब निघून गेले.

संध्याकाळी रुपराव घरी आला. "मले नीट सांग गा मार्तंडा, कुठं हालते? वळणावर का सरळ्यात?"

आता एका खोट्याला दुसरं जोडणं आलं. "बोरखेडीच्या पुढं. सरळ्यातच," मार्तंडराव खाली बघत म्हणाले.

रुपरावने कमानी पुन्हा उतरवल्या, तपासल्या, पुन्हा चढवल्या. एकदा नाही, तीनदा. दर वेळी तो विचारायचा आणि दर वेळी मार्तंडराव मान हलवायचे. शेवटी साहेबांनी बाकीच्या इंजिनांचं काम थांबवलं आणि रुपरावला मालडब्यांच्या चाकांत तेल घालायला यार्डात पाठवलं. शेडमधली माणसं रुपरावच्या तोंडावर हसायला लागली. मार्तंडरावांना घरी जेवण जाईना. रुपरावची बायको शामला आंगणात दिसली की ते मागच्या दाराने बाहेर पडायचे.

त्यांची बायको प्रेमिला हे सगळं घडत असताना बडनेऱ्याला माहेरी होती, ती आता नवऱ्याच्याच गाडीने परतली. दुसऱ्या दिवशी रुपराव आणि शामला सहज येऊन बसले. प्रेमिला माहेरच्या गोष्टी सांगता सांगता म्हणाली, "आन् गाडी कशी आली म्हणता! पहिले मी खिडकीचा गज धरून बसो. या टायमाले झोपच लागली. वर्धा कवा गेलं, समजलंच नाही. तेच नवं इंजिन होतं ना वं शामला, भाऊजींनं केलेलं?"

रुपरावने मार्तंडरावांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्याने कप खाली ठेवला, "येतो वहिनी," म्हणाला आणि उठला. प्रेमिला गोंधळून नवऱ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिलाही कळलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही त्याईले काय सांगतलं होतं?"

मार्तंडरावांचे कान तापले. परक्या माणसाने चारचौघांत जोडा मारला असता तरी इतकं झालं नसतं.

सकाळी ते शेडमध्ये गेले. सगळे कामगार हजेरीला जमले होते, तिथेच, सर्वांदेखत, त्यांनी साहेबांना सांगितलं, "इंजिन हालत नाही. पहिल्या दिवशीबी हाललं नव्हतं. मी खोटं बोललो."

"काहून?" साहेबांनी विचारलं.

"मले वाटलं, आता मले कोण इचारन..." मार्तंडराव म्हणाले.

त्यांची मेल काढून घेतली गेली. वर्षभर ते यार्डात शंटिंग करत राहिले. रुपराव परत शेडमध्ये आला. त्या जातीची उरलेली इंजिनं त्याच्या हाताखालून एकेक करून बाहेर पडली आणि साध्या ड्रायव्हरांच्या हाती बिनघोर धावू लागली.

मार्तंडराव एकदा त्याच्या दारात गेले. रुपराव म्हणाला, "ये, बस." ते बसल्यावर म्हणाला, "तू रडला असता माझ्यापाशी, की बाबा माझं कसब गेलं, तं मी समजलो असतो गा. पण तू मले तीनदा त्या इंजिनाखाली घातलं."

शामलाने चहा आणला, तो मार्तंडरावांनी घेतला. दोन्ही घरांचं जाणं-येणं हळूहळू पुन्हा सुरू झालं, सणावाराला ताटंही इकडून तिकडे जाऊ लागली. पण रुपराव पुन्हा कधी त्यांना इंजिनाबद्दल काही विचारायला आला नाही. निवृत्तीच्या दिवशी कोणी हार घालून म्हणालं, "नंदनवारांसारखा ड्रायव्हर होणे नाही," तेव्हा गर्दीत रुपराव कुठे उभा आहे ते बघायची मार्तंडरावांची हिंमत झाली नाही.