लालीचं ऑपरेशन, पुनवेनंतर

जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसलं की किस्से गोळा करायला जावं लागत नाही. कुत्र्याच्या केसांसारखे ते साडीला चिकटून आपोआप घरी येतात. माझा नवरा म्हणतो, "पगार कमी आणि गोष्टी जास्त, अशी नोकरी फक्त तुलाच मिळू शकते!"

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, म्हणून आम्ही बोईसरला. डॉक्टरांचा हा छोटा दवाखाना स्टेशनपासून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आत डॉक्टर, बाहेर मी. डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मी रेट सांगते. दोघांत जास्त दुखवणारं काम माझंच!

सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात. "मॅडम, कुत्र्याची नसबंदी कितीला पडेल?" मी सांगते, नराचे चार हजार, मादीचे सहा हजार. मग पलीकडे सगळं शांत होतं. ती शांतता ऐकूनच मला कळतं की माणूस येणार की नाही. बहुतेक येत नाही. येतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि मग जी हळहळ व्हायची ती आमच्या काउंटरवर होते. त्यामुळे हे किस्से मी हसत सांगायला घेते खरी, पण शेवटपर्यंत हसू टिकत नाही.

*

पालघरचे एक रिटायर्ड काका फोनवर न विचारता थेट आले. सोबत झुबकेदार शेपटीचा कुत्रा. मी रेट सांगितला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चार हजार? अहो, माझी नसबंदी झाली तेव्हा सरकारनं उलट मला पैसे दिले होते!"

बाकावरची सगळी मंडळी खो खो हसली. आतून डॉक्टर ओरडले, "काका, तुम्ही घरी जाऊन टाके चाटत बसला नव्हता ना? ह्याच्या गळ्यात कॉलर घालावी लागते!"

काकाही हसले. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि गेले. विचार करून सांगतो म्हणालेला माणूस फार क्वचित परत येतो. काका आले नाहीत.

*

हिराबाय मात्र परत येणाऱ्यांतली.

हिराबाय चिंचणीची. घरची बोट आहे, नवरा समुद्रावर जातो आणि ही टेम्पोनं मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते. आवाज असा की बाजारात बोलली तर दवाखान्यात ऐकू यावं. पहिल्यांदा आली ती पावसाळ्यात, मासेमारीची बंदी चालू असताना. बोटी किनाऱ्यावर चढवलेल्या, त्यामुळे टोपलीत नुसती सुकी मासळी आणि टोपल्यांच्या मधे ऐटीत बसलेली लाली. तांबूस रंगाची, एक कान मोडलेली गावठी कुत्री.

"सा हजार? एका कुत्रीला?"

"मादीचं पोट उघडावं लागतं हो, हिराबाय. आतली पिशवी काढावी लागते."

"घोल मासलीचं पोट मी रोज उगडते, ताई. मला कोन सा हजार देत नाय!"

डॉक्टरांना ते इतकं आवडलं की ते बाहेर आले आणि म्हणाले, "हिराबाय, आज करून टाकू. पैसे जमतील तसे द्या."

झालं! बाईंचा चेहराच बदलला. "उदारीचं नाव काडू नका, डॉक्टर. मी उदार मासली देत नाय, नि उदार कायबी घेत नाय. आता बंदी हाय. नारली पुनव झाली का दर्याला नारल देऊ, बोट जाईल, पैसा येल. पुनवेनंतर करू. पुनव काय लांब हाय का?"

जाताना तिनं सुकटाची एक पुडी काउंटरवर ठेवली. मी नको म्हणाले तर म्हणते, "ही उदार नाय, हा खाऊ हाय." त्या दिवशी आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मांजरानं माझ्यावर जीव टाकला.

*

वाणगावच्या एका सूनबाईंनी सगळं नीट विचारून तारीख घेतली होती. मी बजावून सांगितलं, "आदल्या रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. भूल दिल्यावर उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते, जिवावर बेततं."

सकाळी सूनबाई, सासूबाई आणि कुत्री अशा तिघी हजर. डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?"

"अगदी कडक!" सासूबाई म्हणाल्या. "धान्याचा कण दिला नाही."

एवढ्यात कुत्रीनं मान खाली घातली आणि टेबलापाशीच ओकली. पांढरं पांढरं, गोल गोल. डॉक्टर वाकून बघतात तर साबुदाणा!

"अहो, आज चतुर्थी," सासूबाई म्हणाल्या. "माझी खिचडी होतीच. मुक्या जिवाला निर्जळी ठेवू का?"

सूनबाईंनी त्या एका दिवसासाठी कंपनीतून रजा काढली होती. पगार कापला जाणार, परत तारीख, परत रजा. तिचे डोळे भरले. ते बघून सासूबाईंचा चेहरा पार उतरला. नवी तारीख लिहून दिली तेव्हा त्या हळूच मला म्हणाल्या, "त्या दिवशी एकादशी नाही ना, तेवढं बघाल?"

*

नर कुत्र्यांच्या बाबतीत वेगळंच नाटक. एमआयडीसीतले एक सुपरवायझर आणि त्यांची बायको टायगरला घेऊन आले. टायगर म्हणजे दांडगा लॅब्राडोर, गेट उघडं दिसलं की पळणारा. बायकोला ऑपरेशन हवं होतं. नवऱ्याचा जीव कासावीस!

"चार हजारांचा प्रश्न नाही हो, मॅडम. पण त्याला काय वाटेल?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्ही डबा विसरला म्हणून घरी गेला होतात. मला काय वाटलं ते अजून विचारलेलं नाही!"

बाकावर कोणी हसलं नाही. सुपरवायझर टायगरला घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले, आणि ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

दिवाळीनंतर ते एकटेच आले. हातात आमच्याकडूनच नेलेली कुत्र्याच्या खाण्याची मोठी पिशवी, वरून फोडलेली. कुठल्याशा मादीच्या मागे टायगर गेटबाहेर पळाला होता आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर टँकरखाली आला. "पिशवी परत घेता का?" त्यांनी विचारलं. "पैसे नकोत. घरात ठेवली की बायको रडते." फोडलेली पिशवी आम्ही घेत नाही. ती मी घेतली.

*

पुनव झाली. दर्याला नारळ वाहिला गेला. आणि हिराबाय खरंच आली, पण रिकाम्या हातानं.

"इंजिन बसलं, ताई. बोट मदीच बंद पडली, दुसऱ्या बोटीनं वडून आनली. सगला पैसा इंजिनात गेला."

लाली शेजारी उभी होती आणि तिचं पोट टम्म! डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि हसले. "हिराबाय, आता पुनवेनंतर बारसं."

पाच पिल्लं झाली. दोन नर लगेच कोणी कोणी उचलले. तीन माद्या राहिल्या. मादी कोणाला नको असते, कारण मादी म्हणजे पुढचे सहा हजार. शेवटी एक हिराबायनं ठेवली आणि दोन शेजारणींच्या गळ्यात घातल्या.

त्यानंतर बाजारात भेटली की मी विचारायची, "लालीचं काय?" ती बोंबलांवरचं पाणी झटकत म्हणायची, "करू की! येत्या पुनवेला." पुनवा महिन्याच्या महिन्याला येतात, पण हिराबायची पुनव वर्षातून एकदाच येते. बोटीच्या डागडुजीत, इंजिनात आणि पुतणीच्या लग्नात ती एक कुत्री बसवत होती. उधार घेतली असती तर केव्हाच झालं असतं. पण ते तिच्या रक्तात नव्हतं.

*

मधे एक जरा बरा किस्सा सांगते, म्हणजे तुम्ही उठून जाणार नाही.

एका खोलीत राहणारे पाच-सहा कामगार एका गावठी कुत्र्याला घेऊन आले. सगळ्यांनी वर्गणी काढली होती. काउंटरवर नोटांचा ढीग, त्यात दहादहाच्याही होत्या. मी विचारलं, "मालिक कौन है?"

"सबका है, मैडम!"

"सबका नहीं चलेगा. दहा दिवस कॉलर सांभाळायची, गोळ्या द्यायच्या. कोई एक बोलो."

एकाची शिफ्ट रात्रीची, दुसऱ्याला ओव्हरटाइम, तिसरा गावी निघालेला. वाद चालू असताना कुत्रा उठला आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या एकाच्या पायाशी जाऊन आडवा झाला.

"इसका?" बाकीचे ओरडले. "इसने तो एक पैसा नहीं दिया!"

तो माणूस ओशाळला. "पैसा नहीं है, मैडम. रोटी मैं देता हूँ."

त्याचंच नाव लिहिलं. ऑपरेशन झकास झालं. पुढे त्या लोकांचं काम सुटलं, खोली रिकामी झाली आणि सगळे आपापल्या गावी गेले. कुत्रा आता जवळच्या चहाच्या टपरीवर असतो. टपरीवाला त्याला बिस्किटं देतो. ती तो खातो, पण पोळीचा वास आला की अजून उठून बघतो.

बघा, बरा किस्सा म्हटलं होतं मी!

*

पुढच्या वर्षीची नारळी पुनव आठ दिवसांवर आली होती. चिंचणीला बोटी रंगवायला घेतल्या होत्या. हिराबाय सकाळीच लालीला उचलून घेऊन आली. एवढी मोठी कुत्री, लेकरासारखी खांद्यावर टाकलेली.

"नुसतं पानी पिते, ताई. खात नाय. मागनं घान येते."

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं. गर्भाशयात पू झाला होता. पिशवी वेळेवर काढली असती तर हा आजार होण्याचा प्रश्नच नव्हता. आता तीच पिशवी काढायची होती, पण पोटभर विष घेऊन, सलाइन लावून, दुप्पट खर्चात आणि देवाच्या भरवशावर.

"करा," हिराबाय म्हणाली. एवढंच. भाव केला नाही, पुनवेचं नाव काढलं नाही.

ऑपरेशन झालं. लालीनं एकदा डोळे उघडले, शेपटी हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

डॉक्टर पैसे घेईनात. हिराबायनं ऐकलं नाही. पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. बाजारभर ऐकू जाणारा तो आवाज मला समोर असूनही नीट ऐकू येईना.

"सा हजार वाचवले मी, ताई."

मी तिला पाणी दिलं. ते न पिताच ती लालीला गोधडीत गुंडाळून टेम्पोत बसली.

त्यानंतर ती दवाखान्याच्या रस्त्यानं येईनाशी झाली. बाजारात दिसायची, पण मी समोर गेले की मासळी तोलून द्यायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. डॉक्टर तर कित्येक दिवस मधूनच म्हणायचे, "पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं हो तिनं."

*

आणि आता ह्या जूनची गोष्ट.

बंदी नुकतीच लागली होती. सकाळी दवाखान्यासमोर टेम्पो थांबला आणि आधी आवाज आला, "उतरा गो, उतरा!" बघते तर हिराबाय. हातात तीन दोऱ्या आणि तीन दोऱ्यांना तीन तांबूस कुत्र्या. एकीचा कान हुबेहूब मोडलेला. लालीच्या लेकी! एक तिची, दोन शेजारणींच्या.

"तिगी उपाशी हायत," आत येताच तिनं सांगितलं. "कालपासून कायपन दिलं नाय. डॉक्टर हायत का?"

डॉक्टर हातमोजे न काढताच बाहेर आले. हिराबायनं बाकावर बैठक मारली आणि बाजार सुरू केला.

"तीन हायत. बोला, किती घेनार?"

"अठरा होतात. पंधरा द्या."

"धा."

"हिराबाय, औषधांचेच केवढे होतात!"

"माजं पापलेट बी सोन्याचं असतं, तरी तुमी भाव करताच ना? धा."

"तेरा."

"बारा. ना तुमचं, ना माजं."

डॉक्टर हरले. आयुष्यात पहिल्यांदा रेट पडलेला बघून मला इतका आनंद झाला! तिनं पदराची गाठ सोडली आणि सगळे पैसे एकदम माझ्यासमोर ठेवले.

मला राहवलं नाही. बोटी वर चढलेल्या, मासळी बंद, पुनव अजून कुठल्या कुठे. "हिराबाय, एवढे पैसे आत्ता कुठून आणलेत?"

"इंजिनाचे हायत. पुनवेच्या आदी काम करायचं हाय ना त्याचं."

"मग इंजिन?"

तिनं खाली बसून मोडक्या कानाच्या कुत्रीच्या गळ्यातली दोरी सोडली, कान एकदा सरळ करून बघितला. तो परत मोडला.

"इंजिनाला थांबता येते, ताई," ती म्हणाली आणि तिला उचलून आत घेऊन गेली.