आधी वाचून दाखवा

तिनं मले विचारलंच नाही. माहा अंगठा धरला, शाईच्या डबीत दाबला अन् बाजूले कागद धरून उभ्या तिच्या हाताखालच्या पोराले म्हणाली, "यांना कुठं वाचता येतंय. घ्या लवकर."

ती मोठ्या दवाखान्यातली कागद भरून घेणारी मॅडम. मी साखरखेर्ड्याकडची अंगणवाडी सेविका. वीस वर्षं रजिस्टरं लिहिली. गावातल्या बायांले सही करणं शिकवलं, ते बी मीच. आता बोटं वाळली, पेन धरता येत नाही. जीभ जड झाली, बोलणं बोबडं झालं. तिनं तेवढंच पाह्यलं अन् मले अडाणी ठरवलं.

मोटर न्यूरॉन म्हणतात या आजाराले. नसा मरत जातात. पक्कं औषध नाही. एक जुनी गोळी हाय, दुसऱ्याच रोगावर चालते. ती याच्यात लागू पडते का, हे इथले डॉक्टर पाहून राह्यले. त्याच्यासाठीच आम्ही आलतो.

मले लय भेव वाटे. पाणी पेताना ठसका लागते. उद्या श्वासच अडकला तं? अन् इथून नाव कटलं तं जाऊ कुठं? नवरा कानात म्हणे, "उगी राय. मोठी माणसं हायेत."

अंगठा संमतीच्या इंग्रजी कागदाले टेकणारच होता. अन् मले माहीच लाज वाटली. वाचल्याबिगर अंगठा द्यायचा नाही, रेशनवर नाही, बँकेत नाही, हे मी बायांले सांगत आली. अन् मी काय करून राह्यली?

हात ओढला. शाई साडीले लागली. "आधी वाचून दाखवा." तीनदा म्हणा लागलं, तवा तिले समजलं.

"ताई, वेळ नाही. तुम्हाला नको असेल तर रांगेत दुसरे आहेत."

रांग खरंच होती. तरी म्हटलं, "वाचा."

मराठी कागद तिच्याच टेबलावर होता. वाचला तिनं. निम्म्यांले खरी गोळी, निम्म्यांले तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाले कोणती, डॉक्टरले बी ठाऊक नाही. कधी बी सोडता येते. सोडलं तरी बाकीचा इलाज बंद होत नाही.

"हे आधी काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. तिनं शाईची डबी माह्याकडं सरकवली.

मंग अंगठा दिला. मी दिला. भेव काही गेलं नाही. रोज गिळताना वाटते, माही गोळी बिनऔषधाची असंन तं?

पण पुढच्या तारखेले माह्या मांगं जी बाई बसंन, तिचा अंगठा मी असा घेऊ देणार नाही. आधी वाचा म्हणीन. तवर जीभ गेली तं नवऱ्याले म्हणायले लावीन.