अकरा पोरींचे उपास

माझी बायको शाळेत एक दिवस शिकली नाही. पण बऱ्हाणपूरच्या लालबागेतून शहरातल्या मुलींच्या हायस्कुलात तिनं जितक्या खेपा घातल्या, तितक्या कोण्या शिकलेल्या बापानं घातल्या नसतील. गेल्या पौषात ती गेली. लोक भेटायला आले, म्हणाले, फार सोशिक होती. खोटं आहे. सोशिक वगैरे काही नव्हती. जिथं तिला चूक दिसायची तिथं ती हात घालायची, मग ते माझं ताट असो की मोठ्या बाईंचं टेबल.

तेव्हा नवं राज्य नुकतंच झालं होतं. नागपूर तिकडं गेलं, आम्ही बऱ्हाणपूरवाले इकडं मध्य प्रदेशात राहिलो. शाळेतही तसंच काही झालं. मराठी वर्गाच्या पोरी आणि हिंदी शाळेच्या पोरी एका इमारतीत आणून बसवल्या. पहिले दोन महिने त्या मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या झाडांखाली डबे खायच्या. माझी पोरगी नववीत होती. घरी येऊन सांगायची, "त्यांना खो-खो येत नाही आणि आम्हाला त्यांची प्रार्थना येत नाही."

खेळाच्या बाई नागपूरकडच्या. त्यांचं माहेर आता एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्यात. त्यांनी प्रार्थना दुसऱ्यांवर सोडली आणि दोन्हीकडच्या बारा पोरी निवडून खो-खोचा संघ केला. नऊ खेळायच्या, तीन राखीव. पंधरा दिवसांत बाराही जणी एका झाडाखाली डबा खायला लागल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी त्यासाठी एक शब्द भाषण केलं नव्हतं.

मग शाळेनं पालकांची सभा बोलावली. मला मिलमध्ये दुसरी पाळी होती. बायको म्हणाली, मी जाते.

मी म्हटलं, "तिथं बापांना बोलावलंय. तू जाऊन काय करशील, अंगठा उठवशील?"

"अंगठा तर अंगठा. तुमची सही तरी कोणाला वाचता येते?"

गेली. सभेला चार बाप आणि ही एक बाई. खेळाच्या बाईंनी सांगितलं की खंडव्याला शाळांचे सामने आहेत. मुलींचा संघ पहिल्यांदाच जाणार. वरच्या साहेबानं मोठ्या नाखुशीनं परवानगी दिली होती आणि वर लिहिलं होतं, यंदा संघ हजर झाला नाही तर पुढं मुलींच्या खेळाचं नाव काढायचं नाही. चारही बाप छताकडं बघायला लागले. शेवटी एक बोलला, सोबत घरचं बाईमाणूस असेल तर पाठवू. बाईंनी विचारलं, "कोण येतं?" हिनं मागून हात वर केला. घरी आल्यावर मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी मैदानावर. मागाच्या कांड्या भरायचं काम सकाळीच उरकायची आणि कळशी घेऊन निघायची. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. पण कोणती पोरगी दमली, कोणती रडून आली, कोणाचा पाय मुरगळला आणि ती लपवतेय, हे तिला बाईंच्या आधी कळायचं. श्रावणातल्या एका सोमवारी दोन पोरी उपाशी खेळल्या. त्यातली एक पळता पळता डोळ्यांपुढं अंधारी येऊन खांबावर आपटली. कपाळ फुटलं. पदर तिच्या कपाळाला दाबून हीच तिला घरी घेऊन गेली. बाईंनी त्या दिवशी नियम केला: उपाशी पोरगी मैदानात उतरणार नाही.

आता ऐका काय झालं. सामने ठरले होते त्या दिवशी खंडव्याच्या मैदानात घोटाभर पाणी होतं. तारीख पुढं ढकलली. ढकलणाऱ्यानं पंचांग पाहिलं नाही. नवी तारीख नेमकी हरतालिकेची आली.

हरतालिका म्हणजे पाणीसुद्धा प्यायचं नाही. चांगला नवरा मिळावा म्हणून कुवार पोरींनी धरायची, मिळालेला टिकावा म्हणून बायकांनी. हिंदीवाल्यांतही तीच तीज. बारापैकी अकरा घरांचं, आमचंही धरून, एकच म्हणणं: पोरगी येणार नाही, किंवा आली तर तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाही. बाई नियम मोडायला तयार नव्हत्या. कपाळ फुटलेलं त्यांनी पाहिलं होतं. म्हणाल्या, "संघ नाही म्हणून कळवून टाकते." आमच्या पोरीनं दोन दिवस तोंड फिरवून जेवण केलं.

आमच्याच चाळीत एक म्हातारी होती. तिची नात संघात सगळ्यांत चपळ. आणि म्हातारी उपासतापासाची सगळ्यांत कडक. ती हो म्हणाली तर बाकीची घरं हो म्हणतील, हे सगळ्यांना माहीत होतं. बायको तिच्याकडं निघाली. मी मागं गेलो, म्हटलं भांडण झालं तर ओढून आणू.

म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती.

"कुवार पोरी हरतालिका मोडतील? कोण नवरा मिळेल त्यांना, सांग."

"आजी, तुम्ही जन्मभर कडक धरल्या ना?"

"एक सोडली नाही."

"मग आजोबा कसे निघाले?"

आजोबा पत्त्यांचे शौकीन होते. महिना महिना घरी यायचे नाहीत, ते सगळी चाळ जाणत होती. म्हातारीचा हात सुपात थांबला. मला वाटलं, आता सूप आमच्या डोक्यावर. पण म्हातारी हसली. दात नव्हते, पण पोटभर हसली.

"मेली, तुझी जीभ आहे का कातर?"

मग बायकोनं मस्करी सोडली. खाली बसली. म्हणाली, "आजी, उपास मोडायचा नाही, हे मलाही पटतं. पोरींचे उपास मी धरते. पोरींना पाणी पिऊन खेळू द्या."

"त्या दिवशी तर तुझा स्वतःचा उपास. अकरा जणींचे कधी धरशील?"

"दर महिन्याच्या उजळ्या पंधरवड्यातल्या तिजेला एक. पाण्याशिवाय. पुढची हरतालिका येईपर्यंत अकरा महिने आहेत. अकरा पोरी."

म्हातारीनं बोटांवर मोजलं. आश्विनापासून श्रावणापर्यंत. बरोबर अकरा निघाले. "एक जरी चुकला तर त्या पोरीचं पाप तुझ्यावर," म्हणाली. "माझ्यावर," बायको म्हणाली.

मी घरी येऊन ओरडलो. म्हटलं, लोकांच्या पोरींसाठी तू का मरतेस? ती म्हणाली, "अकरावी आपली आहे." बस.

बारावी पोरगी मुसलमानाची. तिच्या आईला हे कळलं तर ती मैदानावर येऊन म्हणाली, "हमारी का भी एक रख लो बाई, अकेली क्यों छूटे?" ही म्हणाली, "तुम्ही रोजे धरता ना, त्यातला एक आमच्या पोरीच्या नावानं धरा. फिट्टंफाट." दोघी किती वेळ हसत होत्या.

सामन्याच्या दिवशी मी पाळी बदलून सोबत गेलो. कळशी उचलायला माणूस लागतो, असं तिचं म्हणणं. सकाळची पॅसेंजर, बारा पोरी, बाई, ही आणि मी. चांदनी स्टेशन येईपर्यंत पोरींनी निंबोला गावच्या केळ्यांच्या दोन फण्या संपवल्या. ही त्यांना केळी सोलून देत होती आणि स्वतः खिडकीकडं तोंड करून बसली होती.

मैदानावर ती कडेला उभी राहिली. ऊन चांगलं कडक पडलं होतं. पोरगी बाद होऊन बाहेर आली की ही पेला पुढं करायची. कळशी एक, पेला एक, बाराही पोरी त्याच पेल्यानं प्यायल्या. तेव्हा ते सोपं नव्हतं. खंडव्याच्या दोन बायका बघत होत्या, आपसांत कुजबुजत होत्या. हिनं त्यांच्याकडं पाहिलं, पेला विसळला नाही, पुढच्या पोरीला भरून दिला. तिचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, सावलीत तरी बस. म्हणाली, "सावलीतून पोरी दिसत नाहीत."

पहिला सामना आमच्या पोरींनी जिंकला. म्हातारीची नात अशी पळाली की पंचसुद्धा हसला. दुसरा हरल्या. खंडव्याच्या पोरी मुरलेल्या होत्या. आमच्या पोरी रडल्या. बायको म्हणाली, "हरलात तर हरलात. पाणी पिऊन हरलात, चक्कर येऊन नाही." बाईंनी माझ्यासमोर हिला वाकून नमस्कार केला. बीए झालेली बाई, अंगठेबहाद्दर बाईला. हिनं पाय मागं ओढले. मला तेव्हा लाज वाटली. कशाची ते नीट सांगता येत नाही.

परत आल्यावर तिनं सुताचा एक दोरा घेतला, अकरा गाठी मारल्या आणि देवाजवळच्या खिळ्याला टांगला. दर महिन्याला तीज झाली की एक गाठ सोडायची. हा या पोरीचा, हा त्या पोरीचा, नाव घेऊन. वैशाखातसुद्धा धरला. वैशाखातलं बऱ्हाणपूर ज्यानं पाहिलंय त्याला मी काय सांगू. आपल्या पोरीचा तिनं सगळ्यांत शेवटी ठेवला होता.

श्रावणात तिला हिवताप आला. डॉक्टर म्हणाला, पाणी बंद केलं तर जीव जाईल. एक गाठ राहिली होती. मी म्हटलं, "हा मी धरतो. पोरगी माझीपण आहे." तिनं विचारलं, "जमेल?" "न जमायला काय झालं?"

सकाळी पाळीवर गेलो. दहाच्या सुट्टीत नेहमीच्या माणसानं नेहमीसारखी चहाची कपबशी पुढं केली आणि मी प्यायलो. अख्खा कप. बशी खाली ठेवली तेव्हा आठवलं.

खोटं बोलायचा विचार मनात आला होता. जमलं नाही. संध्याकाळी सांगून टाकलं. तिनं तापातसुद्धा कपाळावर हात मारला. "अहो, मी अकरा महिन्यांत दहा धरले, आणि तुम्हाला दहा वाजेपर्यंत धरवला नाही." गाठ तशीच राहिली. पंधरा दिवसांनी त्याच श्रावणातली वद्य तीज आली. अंगात ताकद नव्हती, भिंतीला धरून चालत होती. तरी धरला. दुसऱ्या सकाळी गाठ सोडली, दोरा तुळशीत टाकला आणि मला म्हणाली, "घ्या, आता प्या चहा."

त्या वर्षी संघ पुन्हा गेला. तारीख साधी होती, उपास नव्हता. तरी पाच आया सोबत निघाल्या आणि म्हातारीसुद्धा. तिला नातीचं पळणं बघायचं होतं. मैदानात ती इतकी ओरडली की बाईंनी तिला दोनदा गप्प केलं. आमची पोरगी अकरावी होईपर्यंत खेळली, आणि तिच्यानंतरही त्या शाळेच्या पोरी खेळत राहिल्या.

बायको मला त्या चहावरून जन्मभर बोलली. पोरीच्या लग्नात व्याह्यांसमोर बोलली. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नर्सनं मला चहा आणून दिला, तर पडल्या पडल्या म्हणाली, "बघा, आज तीज तर नाही ना?"

परवा हरतालिका झाली. पोरगी आली होती, तिनं सकाळी चहा पुढं ठेवला. मी नको म्हटलं. पाणी आणलं, तेही नको म्हटलं.

"बाबा, आज बायकांचा उपास आहे."

"माहीत आहे मला."

ती कपावर बशी झाकून माझ्याजवळ बसली. मी दिवसभर धरला, मधे विसरलो नाही. पण दुपारी तीन वाजताच घसा असा सुकला की जीभ टाळूला चिकटली. अंगणात ऊनसुद्धा नव्हतं, आणि मला कोणाला पाणीही पाजायचं नव्हतं.